डॅश डॅशच्या पुढचं नाव

आख्ख्या वडगावात कॉम्प्युटरला लिहून हुकूम सोडणारा मी एकटाच. इंग्रजी वाचता येत न्हाय, एवढीच काय ती बारकी अडचण.

माझा साड्या विणायचा माग बंद पडल्यावर खडेबाजारातल्या अण्णांनी मला त्यांच्या दुकानात कामाला घेऊन ई-बुक करायला शिकिवलं. सुपारी चघळत, बोट हवेत नाचवत म्हणायचे, "आधी जुनी फाइल, मग नवी, मग डॅश डॅश लेखक." शिकवताना लेखक म्हणून स्वतःचंच नाव घालायचे. मी ती ओळ तश्शीच पाठ केलती. फाइलचं नाव तेवढं बघून बदलायचो.

निपाणीच्या म्हाताऱ्या मास्तरांनी जन्मात एकच पुस्तक लिव्हलं. त्याचं ई-बुक मी केलं. दुकानातच मास्तरांनी ते फोनवर उघडलं, तर लेखक म्हणून अण्णांचं नाव! मास्तरांनी फोन अण्णांपुढं धरला. अण्णांनी हात जोडले. "चूक माझी, मास्तर."

मास्तर गेल्यावर मी हसलो. "शिकतोय की, अण्णा."

"शिकत न्हाईस रं, पाठ करतोस. उद्यापास्नं येऊ नको."