ओटीवरची तीन वर्तुळं

आज वीज गेली. कंदिलाच्या काजळीचा वास आला आणि धाकटे भावजी आठवले. मुंबईच्या वेधशाळेत यंत्राची सुई काजळी धरलेल्या कागदावर भूकंपाच्या रेघा ओढायची. भावजी त्या वाचायचे.

तेव्हा आमचे हे विड्याच्या पानांचे करंडे घेऊन कच्छला गेले होते. अशात एका रात्री मोठा भूकंप झाला आणि दुसऱ्या दिवशी भावजी निर्मळला घरी आले. मी पानं लावत होते. त्यांनी एक पान ओटीवर ठेवलं आणि दोरा धरून भोवती खडूचं वर्तुळ काढलं.

"वहिनी, ही मुंबई. एकाच भूकंपाचे दोन हादरे मागेपुढे पोचतात; त्यांच्यामधल्या वेळावरून अंतर कळतं, दिशा नाही."

"मग दुसरीकडेच झाला असेल की, शहाण्या!" सासूबाई म्हणाल्या.

तारेने आलेल्या वेळांवरून त्यांनी आणखी दोन शहरांची वर्तुळं काढली. तिन्ही एकाच ठिकाणी मिळाली, कच्छात.

"जोर किती होता?" मी विचारलं.

"सुई कागदाबाहेर गेली."

मी पानं लावत राहिले. हे आलेच नाहीत. भावजींना येतानाच ते ठाऊक असावं. एकदम सांगवेना, म्हणून त्यांनी एवढं आखलं.