रामटेके सरांनी अ‍ॅपवर घर पाहिलं

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाजीच्या वासाबरोबर एखादा बाहेर पडतोच. गेल्या वर्षीचे मात्र झाडून सगळे एकाच माणसाचे आहेत, आणि एकाच फोनमधले!

माणूस म्हणजे रामटेके सर. भूगोल शिकवतात. मी मराठी शिकवतो आणि चौधरी मॅडम गणित. डबा आम्ही तिघं मिळून खातो. सर एकोणीस वर्षं प्रताप नगरात एकाच घरात भाड्यानं राहत होते. एक दिवस पुण्याहून घरमालकाचा फोन आला. मुलगा नागपूरला राहायला येतोय, दिवाळीपर्यंत घर खाली करा. वहिनींनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आता सामान हलेल ते फक्त स्वतःच्या घरात. सरांच्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं उरलेली. आता कर्ज मिळालं तर मिळालं, नंतर कोण देतो! वहिनी मूळच्या भिवापूरच्या. तिथली मिरची प्रसिद्ध आहे आणि वहिनींची जीभही. सरांनी मुकाट्यानं घर शोधायचं अ‍ॅप फोनमध्ये घेतलं.

*

पहिल्याच दिवशी सरांनी एका फ्लॅटखालचं ‘नंबर पाहा’ हे बटण दाबलं. त्यांना वाटलं, आपल्याला मालकाचा नंबर दिसेल. झालं उलटंच. सरांचा नंबर अख्ख्या नागपुरातल्या एजंटांना दिसला!

दुसऱ्या दिवशी नववी ‘ब’मध्ये मान्सून चालू होता. सरांचा फोन वाजायचा थांबेना. समोरचा बोलत असताना फोन ठेवून देणं सरांच्या स्वभावात नाही, त्यामुळे ढगांच्या मधेमधे पझेशन, कव्हर्ड पार्किंग, कार्पेट एरिया असं सगळं वर्गानं ऐकलं. शेवटी एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, सर, कार्पेट आणि बिल्ट-अपमध्ये फरक काय? प्रश्न विचारला म्हणून सर खूश. फळ्यावर आकृती काढून त्यांनी उरलेला तास त्यातच घालवला.

चाचणीत मान्सून कुणालाच आला नाही. पालकसभेत मात्र त्या मुलीचे वडील सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, पोरीनं हिशेब समजावला म्हणून बिल्डरपासून वाचलो. बाकी शाळेत असं काही शिकवत नाहीत."

*

अ‍ॅपवर चाळण्या फार. जिम पाहिजे का, स्विमिंग पूल पाहिजे का, कुत्रा पाळू देतात का. वहिनींचा प्रश्न एकच होता आणि तो कोणत्याच अ‍ॅपमध्ये नव्हता. कूलर कुठं लागेल?

ज्यानं नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पण नव्या बिल्डिंगवाल्यांना कुणी सांगावं! एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिथल्या सेल्सच्या बाईंनी वहिनींना काचेची मोठी सरकती खिडकी दाखवली. इथून पूर्ण शहराचा व्ह्यू दिसतो म्हणाल्या. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाईंना वाटलं, व्ह्यू बघत आहेत. वहिनी कूलरचा स्टँड कुठं ठोकता येईल ते बघत होत्या. डोकं आत घेऊन म्हणाल्या, "टांगला समजा. पाणी कोण भरन त्यात? घार?"

*

पुढचा फ्लॅट ‘मेट्रोपासून अवघ्या पाच मिनिटांच्या अंतरावर’ होता. ‘अवघ्या’ हा शब्द जाहिरातवाल्यांनी पार नासवला आहे, पण ते माझं दुखणं. सरांनी मात्र भूगोलाच्या माणसाला शोभेल असं ठरवलं, की स्वतः चालून बघायचं. नकाशावर स्टेशन आणि बिल्डिंग खरंच शेजारी शेजारी. मधे एक बारीक निळी रेघ होती. ती रेघ म्हणजे नाला!

वळसा घालून पोचायला पाऊण तास लागला. घामानं सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला. एजंट शांतपणे म्हणाला, सरजी, फ्यूचर में पूल बनने वाला है. सरांनी त्याला उन्हात उभं करून नकाशाचं प्रमाण, सरळ अंतर आणि प्रत्यक्ष अंतर, सगळं शिकवलं. त्यानंही ऐकून घेतलं. वहिनी नाल्याच्या काठावर सावली धरून बसल्या होत्या. एजंटाला म्हणाल्या, "पाच मिनिटं बरोबर आहे भाऊ. फक्त पोहता आलं पाहिजे."

*

कर्जाच्या अ‍ॅपचा किस्सा छोटाच आहे. त्यात एक पट्टी असते. ती सरकवली की मुदत वाढते आणि हप्ता कमी होतो. सर डबा खाता खाता सरकवत होते. हप्ता अखेर परवडायला लागला तेव्हा चौधरी मॅडमनी मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाल्या, "सर, शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही सत्त्याऐंशीचे असाल. तिखट कमी करा."

*

पश्चिमेच्या भिंतीचा मात्र सरांनी धसकाच घेतला होता. बेडरूम पश्चिमेला आली तर उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत भिंत भाकरी भाजत राहते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. म्हणून घर बघायला जाताना ते फोनमधलं दिशा दाखवणारं अ‍ॅप तर उघडायचेच, शिवाय शाळेच्या कपाटातलं होकायंत्रही रुमालात बांधून न्यायचे.

जरीपटक्याच्या एका फ्लॅटमध्ये फोन म्हणाला पश्चिम किचनमध्ये. होकायंत्र म्हणालं हॉलमध्ये. सर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, फोन पुढे, होकायंत्र मागे. बिल्डरच्या माणसाचं जेवण राहिलं होतं. तो कंटाळून म्हणाला, "सर, तुम्हाले पाहिजे ती पश्चिम घ्या. आम्ही अ‍ॅडजस्ट करू."

दुपारचे चार वाजले होते. वहिनी उठल्या आणि प्रत्येक खोलीतल्या भिंतीला तळहात लावत गेल्या. बेडरूममध्ये हात पटकन मागे घेतला. म्हणाल्या, ठेवा ते यंत्र, ही पश्चिम.

*

असं करता करता गणपती आले नि गेले. दिवाळी तोंडावर आली. घरमालकाचे फोन सुरू झाले. सर डबा अर्धा ठेवून उठायला लागले, तेव्हा चेष्टा करणं आम्हीही थांबवलं.

आणि एका दुपारी सर चमकत्या चेहऱ्यानं आले. अ‍ॅपवर एक घर सापडलं होतं. प्रताप नगरातच, पहिला मजला, गच्चीसकट, आणि आवाक्यातलं. पत्ता दिलेला नव्हता, ते लोक देतच नाहीत. फोटो जुने होते, घर बांधून झालं तेव्हाचे, रिकाम्या खोल्या, नुकताच रंग मारलेला. वहिनी म्हणाल्या होत्या, केवढा हॉल आहे! आपला तर याच्या अर्धाही नाही.

एकच अडचण होती. त्यात भाडेकरू होते. सरांनी एजंटाला फोन लावून आमच्यासमोर स्पीकरवर टाकला. एजंट म्हणाला, काळजी करू नका, मालकानं त्यांना मुलगा राहायला येतोय असं सांगून ठेवलंय, महिन्याभरात निघतील.

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "बिचारे. आमच्या मालकाचा मुलगा तर खरंच येणार आहे. पण त्या लोकाइले असं फसवणं बरोबर नाही गा." वहिनींनी मात्र आदल्या रात्रीच बजावून ठेवलं होतं, की दया नंतर, घर आम्हाले खाली पाहिजे.

रविवारी अकराला घर बघायचं ठरलं. त्या सकाळी आम्ही सगळेच एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेलो होतो, म्हणून तिथूनच निघालो. पुढे सर आणि वहिनी स्कूटरवर, मागे माझ्या गाडीवर मी. एजंटानं लोकेशन पाठवलेलं. फोन वहिनींच्या हातात. फोन डावीकडे म्हणाला की सर डावीकडे, उजवीकडे म्हणाला की उजवीकडे. एका वळणावर वहिनींचा आवाज मला मागे ऐकू आला, अवो, ही तर आपली गल्ली. सर म्हणाले, बरं झालं, सामान हलवाले सोपं जाईन.

मग फोन म्हणाला, आपण पोहोचला आहात.

फाटकाशी एजंट उभा होता. वर बोट दाखवून हळू आवाजात म्हणाला, नशीब बघा, भाडेकरू बाहेर गेलेत, कुलूप आहे. आज बाहेरूनच बघून घ्या.

सरांनी स्कूटर स्टँडला लावली, रोज लावतात त्याच जागी. वहिनी जिना चढल्या, पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. एजंट माझ्याकडे बघायला लागला. वरून वहिनींनी हाक मारली, या, बसा, चहा ठेवते.

आत गेलो. सर खुर्चीवर बसले ते जमिनीकडे बघत. म्हणाले, "एकोणीस वर्षं भाडं दिलं. मले काहून नाही विचारलं?" एजंट बिचारा भला होता. तो म्हणाला, मालकाला वाटलं, मास्तर माणूस, कुठून घेणार. मला त्या मालकाचा असा राग आला की चहा गोड लागेना.

वहिनी हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. दिवाण, शोकेस, कूलर, कपड्यांची रॅक, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. मग पुन्हा फोनमधला तो फोटो बघितला. म्हणाल्या, हॉल मोठाच आहे. घेतलं म्हणून सांगा त्याले.

एजंटानं चटकन फोन काढला आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये फॉर्म भरायला घेतला. घेणाऱ्याचं नाव, मजला, गच्ची. एका रकान्यापाशी तो अडला. तो भरल्याशिवाय अ‍ॅप पुढे सरकेना. चाचरत म्हणाला, "मॅडम, हे लिहावंच लागतं. ताबा रिकामा पाहिजे, का भाडेकरूंसकट?"

वहिनींनी सरांकडे पाहिलं. सर अजून जमिनीकडेच बघत होते.

"राहू द्या त्याइले," वहिनी म्हणाल्या. "लोकं चांगले आहेत."