संध्याकाळचं तेल

तात्या गेल्याचं बाबांनी बाजारातूनच फोनवर सांगितलं. मागे गोण्या आदळत होत्या. "आता खांदा कुणाला दाखवायचा?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता महिना होईल.

तात्या साताऱ्याकडचे, बाबांच्या टोळीतले जुने माथाडी. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी कोपरखैरण्यात आमच्या घरांच्या ओळीत दाराबाहेर पाट मांडून बसायचे. वाटीत तिळाचं तेल, त्यात आल्याच्या अर्काचे मोजके थेंब. बाजारातून परतलेला माणूस शर्ट काढून पुढ्यात बसला की त्याचा खांदा ते कणीक मळावी तसे मळत. ऊब हळूहळू आत उतरायची, आल्याचा वास ओळभर पसरायचा. एकदा बाबांनी घाईत अर्क तसाच चोळला आणि कातडी लालबुंद झाली. साध्या तेलानं ती पुसत तात्या म्हणाले, "मिरचीच्या गोणीवर झोपला व्हतास काय, शंकर?"

पण सकाळी ते कुणालाच तेल लावत नसत. गेल्या वर्षी एका सकाळी बाबांचा हात खांद्यापासून वर होईना. तरी कामाला निघालेले बाबा आधी तात्यांच्या दारात गेले. तेवढं चोळा, आजचा दिवस निघेल, म्हणाले. तात्यांनी वाटी आत नेऊन ठेवली.

"दुखणं बोलतंय, तर बोलू दे. त्याचं त्वांड मी दाबणार न्हाय."

बाबा चिडले, नाही नाही ते बोलले. तात्यांनी चपला घातल्या, त्यांच्याबरोबर बाजार गाठला आणि मुकादमासमोर गोणीवर जाऊन बसले. शंकरला डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. उठले नाहीत. खांद्याचा स्नायू फाटत आला होता, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ओझं उचललं असतं, तर तो हात कायमचा गेला असता.

मी माथाडी युनियनच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. हमालाच्या पाठीला सलाम ठोकणारे पुष्कळ पाहिले. त्या पाठीला आज सुट्टी हवी, असं म्हणून अडून बसणारा एकच पाहिला. पुढं एका व्यापाऱ्यानं गोणीचं वजन कमी करायचं सोडून टोळीला तेलाच्या बाटल्या वाटल्या, तेव्हा मी त्या तेलावरच जळजळीत पत्रक लिहिलं. तात्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि हसले. "तेलाशी कशाला भांडतीस, पोरी? तेल चांगलं हाय. गोणीशी भांड." मी पत्रक पुन्हा लिहिलं.

त्यांची तेलाची अर्धी बाटली आता आमच्या फळीवर आहे. काल सकाळी बाबांनी खांदा दाबत ती उचलली, बूच काढलं. आल्याचा वास आला. मग बूच लावून बाटली जागेवर ठेवली आणि मुकादमाला फोन लावला.

"आज येत न्हाय मी. खांदा बोलतोय."