झेनोनासच्या पाकोळीचं पत्र

आमच्या खाडीकाठच्या गावात टपाल मीच वाटते, त्यामुळे कुणाला काय आलं नाही हे मला आधी कळतं. झेनोनासला एकोणतीस वर्षांत पक्ष्याचं एकही पत्र आलं नव्हतं.

शरद लागला की खाडीच्या टोकावरच्या पक्षी-केंद्रात मोठी जाळी उभी राहतात. दक्षिणेकडे निघालेले पक्षी त्यात अडकतात. झेनोनास त्यांना अलगद सोडवायचा, पायात नंबराचा वाळा घालायचा आणि उडवून द्यायचा. वाळा पुढे कुणाला सापडला की वाळ्यांची नोंद ठेवणारी कचेरी दोघांनाही पत्र धाडते, सापडणाऱ्याला आणि घालणाऱ्याला. त्याच्यासोबत वाळे घालणाऱ्या अल्फोन्सासला इटलीहून आलं, स्पेनहून आलं. तो माशांना धुरी देताना सगळ्यांदेखत म्हणायचा, "झेनोनासचे पक्षी बसथांब्यापर्यंत जातात आणि परत फिरतात." झेनोनास हसायचा, पण मला पाहिलं की आधी पिशवीकडे बघायचा. मला त्याची फार कीव यायची. त्यात गुडघे गेलेले, हा त्याचा केंद्रातला शेवटचाच शरद होता.

जगभरच्या पक्ष्यांना वाळे घालणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गोठ्यातल्या पाकोळ्यांकडे मान वर करून बघायचीही मात्र बंदी होती. पाकोळीला छेडलं की गाय रक्ताचं दूध देते, हे त्याच्या बायकोचं, गेनोवाईतेचं, ठाम मत. आणि तिच्या मतापुढे केंद्राचे साहेबसुद्धा गप्प बसत.

ऑगस्टअखेरीस मी गेले तर ती दारातच उभी, ओंजळीत दुधानं निथळणारी पाकोळी.

"बादलीत पडली. मी छेडलं नाही हं, वाचवलं," तिनं आधी गायीच्या दिशेनं सांगितलं. मग आत हाक मारली, "अरे म्हाताऱ्या, हिच्या पायात तुझं लोखंड आहे बघ."

झेनोनासनं भिंग लावून नंबर वाचला, जुनी वही काढली. बोट एका ओळीवर थांबलं. सहा वर्षांपूर्वी टोकावरच्या जाळ्यात त्यानंच घातलेला वाळा, त्या वर्षीचं पिल्लू, नर.

"म्हणजे सहा वेळा आफ्रिकेला जाऊन आला हा," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

"आणि सहा उन्हाळे तुझ्या टकलावर शिटला," गेनोवाईते म्हणाली. "पत्र कशाला लिहील? स्वतःच येत होता की."

पाकोळी पुसून, वाळवून त्यांनी उडवली. कचेरीला धाडायच्या फॉर्मवर सापडणाऱ्याच्या जागी त्यानं बायकोचं नाव घातलं, असं तीच मला नंतर सांगत होती.

ऑक्टोबरात मी दोन सारखे लिफाफे नेले, एक तिचा, एक त्याचा. त्यानं स्वतःचा उघडायला इतका वेळ लावला की मीच चिडले.

आता ते पत्र चुलीवरच्या भिंतीला लावलंय. खाली छापलंय, वाळा घातल्या जागेपासून सापडल्या जागेपर्यंतचं अंतर: दोन किलोमीटर. अल्फोन्सास ते वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर त्या आकड्यापुढे झेनोनासनं पेनानं लिहिलं होतं: आफ्रिकामार्गे.