रजईमागचा कोरस

त्या दिवशी चारही टेकमध्ये जो बेसूर आवाज आला, तो माझा होता. मी मात्र नाव सुधीरचं सांगितलं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. शूटिंगमध्ये बघायला पन्नास जण असतात, नीट ऐकणारा मी एकटा. "आवाज बिघडला, परत घ्या," असं मी म्हटलं की कुणी वाद घालत नाही. हा अधिकार मी इतकी वर्षं बऱ्यापैकी प्रामाणिकपणे वापरला. मग मुंबईच्या दिग्दर्शिका रितिकाजी आमच्या जबलपूरला सिनेमा करायला आल्या.

सिनेमा छोटा. साठीतले चार मित्र कॉलेजातला रॉक बँड पुन्हा उभा करतात. हसवतो, मधेच रडवतो. आमचाही असा बँड होता. सुधीर गायचा, मी बेस गिटार वाजवायचो आणि कोरस धरायचो. रितिकाजी माहितीसाठी आधी माझ्याकडे आल्या होत्या. जुने फोटो सुधीरकडे, म्हणून मीच त्यांना त्याच्या घरी घेऊन गेलो. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, पण डोक्यावर सगळे केस. चहा संपायच्या आत त्याला गायकाचा रोल मिळाला. मला त्याच्या शर्टात माईक लावायचं काम मिळालं.

तीन महिने त्याने रियाज केला. रोज मला विचारायचा, दिल्या, आवाज लागून राहिला ना? मी हो म्हणायचो. ते खरं होतं, हाच माझा त्रास होता.

शेवटचं गाणं महाराजपूरच्या एका गॅरेजमध्ये होतं. आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना रजया टांगल्या. एक रजई मधोमध टांगून तिच्यामागे, सुधीरपासून दोन हातांवर, मी मशीन घेऊन बसलो. वाद्यांचा ट्रॅक फक्त त्याच्या कानात आणि माझ्या हेडफोनमध्ये. गॅरेजात नुसता त्याचा गळा. माईक दोन. शर्टातला फक्त त्याला ऐकतो. लांब दांड्यावरचा, ज्याला बूम म्हणतात, तो आजूबाजूचंही ओढून घेतो. माझ्या आणि रितिकाजींच्या हेडफोनमध्ये दोन्हींचा आवाज एकत्रच यायचा.

पहिला टेक कणसूर निघाला. मला जे समाधान वाटलं, ते लिहायला लाज वाटते. मी गंभीर चेहरा करून रितिकाजींना सांगितलं, सुधीरचा सूर उतरतोय. दुसरा तसाच. तिसऱ्यानंतर मी वयाचा विषयही काढला.

रितिकाजींनी सुधीरला बाजूला घेतलं. "सुधीर जी, आप सिर्फ़ होंठ हिला दीजिए. आवाज़ मुंबई में किसी सिंगर से डब करवा लेंगे."

तो खुर्चीत बसला. शूटिंगच्या गिटारच्या खुंट्या पिळल्या. मग म्हणाला, "एक और दे दीजिए, मैडम."

चौथ्या टेकला तो दुसऱ्या ओळीवर अडकला. गाणं मधेच सोडलं. कट झालं. रितिकाजींनी आपला हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ये वाला स्पीकर पर लगाइए. दोनों माइक अलग-अलग."

मी उत्साहाने लावलं. शर्टातला माईक: सुधीर स्वच्छ सुरात. मला जरा घाम आला. मग बूम. सुधीर थांबला आणि गाणं चालूच राहिलं. एक अख्खी ओळ, भावना ओतून, सुराच्या खाली. सगळे रजईकडे बघायला लागले.

मला वाटत होतं, मी नुसते ओठ हलवतोय. हेडफोन घट्ट, ट्रॅक मोठा, डोळे मिटलेले. रोल मला मिळाला असता तर कसा गायलो असतो, ते मी गाऊन बघत होतो.

पाचव्या टेकला मला लांब वायर देऊन अंगणात बसवलं. सुधीर एका दमात गायला. सिनेमात आहे तो हाच टेक, त्याच्याच आवाजात. धडा एवढाच: आवाज बिघडला असं सांगण्याआधी रेकॉर्डिस्टने आपलं तोंड बंद आहे का, ते तपासावं.

संध्याकाळी मी सुधीरची माफी मागितली. जाता जाता कारणही जोडलं, की जुनी सवय आहे रे, कोरसची.

"कसला कोरस?" तो म्हणाला. "कॉलेजात तुझ्या माईकची वायर आम्ही कधी लावलीच नव्हती. तुला अजून कळलं नाही, आणि तू साउंडचं काम करून राहिला?"