अर्ज मागणारे घरमालक

सुकापूरला ज्यांच्या चाळीत मी नऊ वर्षं राहिलो, त्या आमच्या घरमालक काकांइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात झाला नसेल, आणि झालाच असेल तर तो काकांच्या धाकाने कधीच तालुका सोडून गेला असेल. काकांनी शाळेत शिपाई म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळा सोडली, शाळेने काही त्यांना सोडलं नाही. नळाला पाणी आलं की ते स्टीलच्या ताटावर पळीने टोल द्यायचे. शनिवारी दुपारनंतर कुणी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कारण अर्धी शाळा. आणि गावी जायचं असेल तर भाडेकरूने लेखी अर्ज द्यायचा, विषय, कारण आणि 'आपला नम्र'सकट. एका बी.कॉम. झालेल्याने नुसता मोबाईलवर निरोप धाडला, तर काका त्याच्या दारात उभे. "कॉलेजात ह्येच शिकवलं का रं तुला? महोदय कुटं हाय?" त्याची गाडी चुकली, पण अर्ज झाला.

माझे अर्ज मात्र ते फायलीत जपून ठेवत आणि आल्यागेल्याला दाखवत. "अक्षर बग. आनि ह्यो नववीतून पलाला." पळालो हे खरंच. नांदेडकडच्या आमच्या गावातून मी भावाबरोबर एका वर्षापुरता आलो आणि उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात खोकी मोजायला लागलो. निघायच्या आदल्या दिवशी गणिताच्या सरांनी फाटकात अडवलं होतं. "दहावी कर, मग कुठं जायचं तिथं जा." मी म्हणालो, "उद्या येतो, सर." त्याला आता सोळा वर्षं झाली. गावी गेलो तरी शाळेवरचा रस्ता टाळून मी मागच्या शेतातून घरी जातो.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म काका दरवर्षी आठवणीने काढायचे. अडायचं एकाच कागदावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. "दिवाळीत आणतो, काका," मी म्हणायचो. दिवाळीत शाळेला सुट्टी असते म्हणूनच मी दिवाळी सांगायचो. आणि ज्याने पस्तीस वर्षं शाळेला कुलूप लावलं, त्या माणसाला हे कळणार नाही असं मला वाटायचं.

एका वर्षी पावसाळ्यात काका तीन दिवस दिसलेच नाहीत. काकू काही सांगेनात. ज्यांना पेणपर्यंतच्या एसटीत भोवळ यायची, ते काका माझ्या नावाचा अर्ज स्वतःच लिहून थेट माझ्या शाळेत गेले होते. परत आले ते पाय सुजवून आणि रिकाम्या हाताने. आधी तिथल्या शिपायाची तक्रार झाली, "घंटा दोन मिनिटं उशिरा देतो, कामचोर." मग पाय शेकत म्हणाले, "तुजा गनिताचा मास्तर आता हेडमास्तर हाय. चांगला मानूस. मना जेवू घातलं. पन दाखल्याला सही तुजीच पायजे. बोलला, पोराला धाडा, मी काय बी इचारनार नाय."

एवढं झाल्यावर तरी मी जायला हवं होतं. त्या वर्षी गोदामात गाड्यांची गर्दी होती, पुढच्या वर्षी मला ताप होता. खरं सांगायचं तर सर काही विचारणार नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढे काकू गेल्या, चाळीच्या जागी इमारत उभी राहिली आणि काका उरणला लेकीकडे राहायला गेले. मागच्या रविवारी भेटून आलो. नजर बरीच अधू झाली आहे, पण आवाजावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. तासभर ते जावयाच्या होडीबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलले. त्यांनी फॉर्मचं विचारलंच तर यंदाचं कारण काय द्यायचं, ते मी जाताना रिक्षात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "काका, यंदाची मुदत अजून आहे."

"हो का," ते म्हणाले, आणि लेकीला हाक मारली. "लांबच्या गावचा हाय गो, जेवल्याशिवाय सोडू नको त्याला."

तिने बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली. काका शेजारी बसून राहिले. मी पोटभर जेवलो, आणि कुणी मला काही विचारलं नाही.