हरिदासभाऊचा चार्ज

भद्रावतीच्या कारखान्यात हरिदासभाऊनं चौतीस वर्षं एक शिस्त पाळली: पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. निवृत्तीनंतर भोंगा ऐकला, की त्याला वाटे आपण अजून मशीनपाशीच उभे आहोत आणि पुढचा माणूस काही येत नाही.

मुलीच्या जुन्या लॅपटॉपवरून तो एका फुकट सॉफ्टवेअरच्या कामात शिरला. जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे जोडणारी यंत्रणा पेरू देशातली लुसिया सांभाळायची. हरिदासभाऊ ते तुकडे रोज जोडून बघे आणि संध्याकाळी, तिच्या सकाळी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवी: एवढं झालं, इथं अडलं, याला हात लावू नका. खाली वेळ आणि नाव. अकरा महिने तिकडून एक अक्षर आलं नाही.

"ते बाई वाचून तरी राह्यली का, बाबा?" हर्षा हसली.

"नाई वाचू दे. चार्ज देल्याबिगर कसा उठू मी?"

एका संध्याकाळी तो हर्षाशेजारी ओट्यावर पेंगत होता. दूर भोंगा विरत गेला आणि मांडीवरचा लॅपटॉप उजळला.

"बारा दोष दुरुस्त केले. तेरावा मी बघते, हात लावू नका. चार्ज घेतला. सकाळी ७.४०, लुसिया."

हरिदासभाऊनं पायात चपला सरकवल्या.

"चाल हर्षा," तो स्वतःच्याच ओट्यावरून म्हणाला, "घरी जाऊ."